पाटीवर ‘अमेरिकन’ आहे, आत काय आहे?

अमेरिकेत ‘अमेरिकन अभ्यासक्रम’ नावाचा एकच एक अभ्यासक्रम नाही. दुबई, दोहा, सिंगापूर, बदली कुठेही होवो, मुलांसाठी शाळा शोधणाऱ्या मराठी आईबापांचा पहिला गोंधळ इथेच होतो. आपण धरून चालतो की जशी सीबीएसई, जसं आपलं राज्य मंडळ, तसं अमेरिकेचंही एखादं बोर्ड असणार. पुस्तकं ठरलेली, दहावीचा पेपर ठरलेला, निकालाच्या दिवशी पेढे ठरलेले. तसं तिथे काहीच नाही. शिक्षण हा राज्यांचा विषय. पन्नास राज्यं, त्यांत मिळून सुमारे १३,००० शालेय जिल्हे (म्हणजे शाळा चालवणारे स्थानिक विभाग), आणि वर्गात काय शिकवायचं हे केंद्र सरकारने ठरवायचं नाही अशी कायद्यातच तरतूद.

२०१० मध्ये ‘कॉमन कोअर’ नावाची मानकं आली. तीही फक्त इंग्रजी आणि गणितापुरती. अमुक इयत्तेच्या शेवटी मुलाला काय यायला हवं, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. पुस्तक कुठलं आणि धडे किती, ते शाळेने बघायचं. बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली, काहींनी पुढे बदलली किंवा सोडली, टेक्सास आणि व्हर्जिनियाने कधी घेतलीच नाहीत. विज्ञानासाठी २०१३ मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स’ आली. परदेशातल्या अमेरिकन शाळा या सगळ्यातून आपापलं ताट वाढून घेतात. एक म्हणते आम्ही कॉमन कोअर, दुसरी म्हणते आम्ही कॅलिफोर्निया, तिसरी परदेशी शाळांसाठी बेतलेली ‘एरो’ मानकं वापरते. म्हणून ‘अमेरिकन शाळा चांगली का ब्रिटिश?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. कुठली अमेरिकन, हे आधी कळायला हवं.

आम्ही नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून दुबईला आलो तेव्हा मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मुलगी पाचवी संपवून आलेली, धाकटा दुसरी. एका शाळेचा जलतरण तलाव आणि रोबोटिक्सची खोली बघून मी जवळजवळ फॉर्म भरलाच होता. तेव्हापासून दरवर्षी पुण्या-नाशिकहून कोणाचा ना कोणाचा फोन येतो, ‘ताई, ऑफर आलीय, शाळेचं काय करू?’ त्या सगळ्यांना जे सांगते ते इथे एकदाच लिहून ठेवते. उदाहरणं दुबईची आहेत, कारण मला दुबई माहीत आहे. बाकी गावांत नियम बदलतील, विचार करण्याची रीत तीच राहील.

प्रमाणपत्रावर सही कोणाची?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि ती कोणीच सांगत नाही.

आपल्याकडे दहावी-बारावीचं प्रमाणपत्र बोर्ड देतं. मुलगा पुण्याच्या नामांकित शाळेत शिको नाहीतर तालुक्याच्या गावी पत्र्याच्या खोलीत, पेपर एकच, तपासणी बोर्डाची, शिक्का बोर्डाचा. शाळा सुमार असली तरी प्रमाणपत्राला बाधा येत नाही. अमेरिकन पद्धतीत बारावीनंतर मिळतो तो ‘हायस्कूल डिप्लोमा’, आणि तो खुद्द शाळा देते. शेवटी बोर्डाची एकच एक परीक्षा नसते. शाळेनेच चार वर्षं गुण दिले, शाळेनेच बेरीज केली, शाळेनेच सही केली. मग त्या सहीवर जगाने विश्वास का ठेवायचा?

याचं उत्तर म्हणजे ‘अॅक्रेडिटेशन’. अमेरिकेत शाळांची तपासणी करून मान्यता देणाऱ्या काही संस्था आहेत आणि त्या परदेशातल्या शाळाही तपासतात. न्यू इंग्लंडची ‘नीअॅस्क’ १८८५ पासूनची, ‘मिडल स्टेट्स’ही जवळजवळ तेवढीच जुनी, कॅलिफोर्नियाकडची ‘वॉस्क’ १९६२ ची, आणि हल्ली सगळीकडे दिसणारी ‘कॉग्निया’. यांची माणसं शाळेत येऊन बसतात, वर्ग बघतात, शिक्षकांशी बोलतात, कागद चाळतात, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा येतात. यांच्यापैकी एकीचीही मान्यता नसलेल्या ‘अमेरिकन’ शाळेचा डिप्लोमा पुढे कुठे चालेल याची खात्री देता येत नाही. मग तलाव कितीही निळा असो.

इथे एक पळवाट असते. माहितीपत्रकात यांतल्या एखाद्या संस्थेचं बोधचिन्ह छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘कँडिडेट’ किंवा ‘मेंबर’. म्हणजे अर्ज केला आहे, वर्गणी भरली आहे. मान्यता अजून मिळालेली नाही. नवीन शाळा प्रामाणिकपणे या टप्प्यावर असू शकते, त्यात गुन्हा नाही. पण तुमची मुलगी दहावीत जाणार असेल तर तुम्हाला तेवढी वाट बघायला वेळ नाही. शिवाय मान्यता कुठल्या इयत्तेपर्यंत आहे तेही पाहा. शाळा दरवर्षी एकेक वर्ग वाढवत असेल तर मान्यता आठवीपर्यंतच असू शकते. शाळेला विचारू नका, थेट त्या संस्थेच्या यादीत शाळेचं नाव शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

‘अमेरिकन दूतावासाची शाळा’ या शब्दांनीही दबून जायला नको. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं परदेशी शाळांसाठी एक कार्यालय आहे आणि ते जगभरातल्या जवळपास दोनशे शाळांना मदत करतं. पण त्या शाळा ते चालवत नाही. मदत मिळते म्हणजे शाळा बहुधा जुनी, ना-नफा आणि पालकांनी निवडलेल्या मंडळाची असते, आणि ही चांगलीच खूण आहे. सरकारी हमी मात्र नव्हे.

दुबईत फुकट मिळणारी एक चीज

दुबईच्या खासगी शाळांवर देखरेख करणारं खातं म्हणजे ‘केएचडीए’. (अबुधाबीत ‘अॅडेक’, शारजात ‘स्पिआ’.) तपासणीनंतर शाळेला सहापैकी एक श्रेणी मिळते: सर्वोत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, स्वीकारार्ह, कमकुवत, फार कमकुवत. अहवाल सगळ्यांसाठी खुले असतात. लोक श्रेणी बघतात आणि अहवाल मिटतात. खरा माल आतल्या तक्त्यांत असतो.

एकूण विद्यार्थी किती, सर्वांत मोठा गट कुठल्या देशाचा, शिक्षक किती आणि बहुतेक कुठून आलेले, समुपदेशक किती, मान्यता कुणाची, आणि दरवर्षी किती टक्के शिक्षक सोडून जातात, हे सगळं तिथे असतं. मी सगळ्यात आधी शेवटचा आकडा बघते. ज्या शाळेत दर सप्टेंबरला एक-तृतीयांश चेहरे नवे, तिथे तुमच्या मुलाला ओळखणारं कोणी उरत नाही. परदेशी शहरात शिक्षक येतात-जातात हे मान्य, तरी दहा टक्के आणि पस्तीस टक्के यांत फरक आहे. मग समुपदेशकांच्या संख्येने वरच्या चार वर्गांतल्या मुलांना भागा. अमेरिकेतली समुपदेशकांची संघटना एका समुपदेशकामागे अडीचशे मुलं असावीत असं म्हणते. अमेरिकन पद्धतीत समुपदेशक म्हणजे रडणाऱ्या मुलांना पाणी देणारी बाई नव्हे. विषय निवडून देणं, महाविद्यालयांना शिफारसपत्र पाठवणं, सगळं त्यांच्याच हातात. अहवालावरचं वर्षही बघा, कारण जुना अहवाल आणि आजची शाळा यांच्यात मुख्याध्यापक बदलून गेलेला असू शकतो.

शाळेत अमेरिकन मुलं किती, हा प्रश्न मी कधी विचारत नाही. आखातातल्या कित्येक अमेरिकन शाळांत अरब मुलं सर्वाधिक असतात, आणि त्याने काही बिघडत नाही. पण ‘अमेरिकन वातावरण’ म्हणून जास्तीची फी भरणाऱ्याने हे आधी माहीत करून घ्यावं. अरबी भाषा इथल्या खासगी शाळांत परक्या मुलांनाही शिकावीच लागते, अभ्यासक्रम कुठलाही असो. हिंदी हवी तर भारतीय शाळा, आणि मराठी घरी किंवा महाराष्ट्र मंडळाच्या वर्गात.

बीजगणित एक वर्ष, भूमिती पुढच्या वर्षी

आता शाळेच्या आत जाऊ.

आपल्या मुलांना नववी-दहावीत गणित भाग एक आणि भाग दोन, म्हणजे बीजगणित आणि भूमिती, बरोबरीने असतं. अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी, आणि गणित जिन्यासारखं: एक वर्ष नुसतं ‘अल्जिब्रा वन’, पुढचं वर्ष नुसती ‘जॉमेट्री’, मग ‘अल्जिब्रा टू’, मग ‘प्रीकॅल्क्युलस’, मग ‘कॅल्क्युलस’. कुणी सातवीत पहिली पायरी चढतो, कुणी नववीत. एकाच वर्गातली मुलं वेगवेगळ्या पायऱ्यांवर असतात, म्हणून ‘नववीचं गणित’ असं काही नसतं. तुमचा मुलगा आठवी करून आला तर त्याला अर्धं बीजगणित आणि अर्धी भूमिती येत असते, आणि शाळेला कळत नाही की याला कुठे बसवायचं. मग एक चाचणी घेतात. त्या अर्ध्या तासावर चार वर्षांचं गणित ठरतं, कारण खालच्या पायरीवर बसला तर बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोहोचणं अवघड, आणि अभियांत्रिकीकडे जायचं तर कॅल्क्युलस हवंच. माझ्या मुलीची चाचणी विमानातून उतरल्यावर चौथ्या दिवशी झाली. तिला ‘स्लोप’ म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. चढ हा शब्द तिला सिंहगडामुळे माहीत होता. चाचणी दोन आठवडे पुढे ढकला म्हणावं, किंवा सत्राअखेर पुन्हा घ्याल का विचारावं. चांगल्या शाळा घेतात.

विज्ञानाचंही तेच. पारंपरिक क्रम असा: नववीत जीवशास्त्र, दहावीत रसायन, अकरावीत भौतिक. एका वर्षी एकच. ‘सायन्स ग्रुप’ हा प्रकार तिथे नाही. बारावीत मूल भौतिकाच्या जोडीला नाट्य आणि अर्थशास्त्र घेऊ शकतं, आणि हा मोकळेपणा ज्याला हवा त्याच्यासाठी ही पद्धत सोन्यासारखी आहे. माझा धाकटा तिथेच फुलला. पण ज्याच्या घरात नीट किंवा जेईईचं स्वप्न आहे त्याने इथे थांबून दोनदा विचार करावा. का, ते पुढे येतं.

वरच्या वर्गांत ‘एपी’ हा शब्द ऐकू येईल. ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेचे हे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय. परीक्षा मे महिन्यात, बाहेरून तपासलेली, गुण एक ते पाच. सगळ्या अमेरिकन पद्धतीत बाहेरच्या माणसाने दिलेला भरवशाचा शिक्का असलाच तर तो बहुतांशी हाच. म्हणून ‘आमच्याकडे एपी आहे’ यावर समाधान मानू नका. कुठले विषय या वर्षी खरोखर शिकवले, किती मुलं बसली, किती जणांना तीन किंवा वर मिळाले? एखादा विषय कागदावर असतो, पण पाचच मुलांनी मागितला म्हणून भरत नाही. कॉलेज बोर्डाने मंजूर केलेल्या विषयांची यादी शाळेगणिक उघडपणे बघता येते. काही अमेरिकन शाळा शेवटच्या दोन वर्षांसाठी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, अनेक देशांत चालणारा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) डिप्लोमाही देतात. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातली ‘अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे’ त्यांतलीच. मुलाला पुढे वेगवेगळ्या देशांत अर्ज करायचे असतील तर हा पर्याय मोलाचा.

‘नववीला काय, दहावीला बघू’

हे वाक्य विमानतळावरच सोडून यायचं.

अमेरिकन शाळेत नववीच्या पहिल्या सत्रापासूनचे गुण ‘ट्रान्सक्रिप्ट’ नावाच्या कागदावर चढतात आणि तोच कागद महाविद्यालयांकडे जातो. ए म्हणजे चार, बी म्हणजे तीन, अशी सरासरी काढून ‘जीपीए’ येतो. शेवटच्या तीन महिन्यांत क्लास लावून तो वर ओढता येत नाही. उशिरा दिलेला प्रकल्प, बुडवलेली छोटी चाचणी, वर्गात तोंड न उघडणं, सगळं त्यात मुरतं. आपली हुशार मुलं इथेच गडबडतात. वार्षिक परीक्षेत नव्वद टक्के काढणारा मुलगा पहिल्या सत्रात सी आणतो, कारण दर आठवड्याचं काम गुणांत धरतात हे त्याला पटलेलंच नसतं.

याच कारणाने नववी ते बारावीच्या मधे शाळा बदलणं महागात पडतं. डिप्लोमासाठी ठरावीक ‘क्रेडिट’ लागतात, शाळेगणिक साधारण बावीस ते सव्वीस. एका विषयाचा वर्षभराचा अभ्यास म्हणजे एक क्रेडिट. १९०६ पासून चालत आलेल्या हिशेबाने सुमारे १२० तास. भारतात केलेल्या नववी-दहावीच्या गुणांचे किती क्रेडिट धरणार, हे प्रवेश घेण्याआधी लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर भरवसा ठेवून अकरावीत गेलेल्या एका मुलाला मी नववीचा शारीरिक शिक्षणाचा तास बारावीत करताना पाहिलं आहे.

परत यायचं असेल तर

शाळा निवडताना आपण विचारतो, ‘आत्ता कुठे घालू?’ खरं विचारायचं ते, ‘इथून बाहेर पडताना मूल कितवीत असेल आणि कुठे जाईल?’ नोकरीचा करार तीन वर्षांचा आणि मुलगी सहावीत असेल तर ती नववीच्या तोंडाशी परतणार. अशा घराला मी सरळ सांगते: दुबईतली बरी सीबीएसई शाळा बघा. फी पुष्कळ कमी, शालेय वर्ष एप्रिलपासून, परतल्यावर सांधा जुळतो. अमेरिकन शाळेचं वर्ष ऑगस्टअखेर सुरू होऊन जूनमध्ये संपतं, त्यामुळे जाताना आणि येताना दोन्हीकडे काही महिने लोंबकळावं लागतं. आणि सीबीएसईत थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश सहजासहजी मिळत नाही, म्हणून परतायचंच तर नववीच्या किंवा अकरावीच्या सुरुवातीला.

मूल बारावी अमेरिकन शाळेतून करून भारतात महाविद्यालयात येणार असेल तर परदेशी प्रमाणपत्राला भारतात समकक्षता मिळते का, हे बघावं लागतं. तिथे शाळेची मान्यता पुन्हा आडवी येते, आणि विषयही. नीटसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे अकरावी-बारावीच्या पातळीवर लागतात. ज्या मुलीने रसायन दहावीत एकदा करून सोडलं, ती बारावीच्या मे महिन्यात अडकते. म्हणजे हा हिशेब नववीत, समुपदेशकासमोर बसून मांडायचा.

महाराष्ट्रातल्या लोकांसाठी आणखी एक, आणि हे फार जणांना उशिरा कळतं. राज्याच्या कोट्यातल्या एमबीबीएसच्या जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी, असा सर्वसाधारण नियम आहे, अपवाद मोजके. आधार कार्डावर सात पिढ्यांचा सातारा असला तरी दुबईची दहावी ती वाट बंद करते. अभियांत्रिकीला थोडी मोकळीक आहे. परदेशात शिकलेल्यांसाठी एनआयटी वगैरे संस्थांत ‘डासा’ योजना आहे, आणि आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांना त्यातच कमी फीचा वेगळा कोटा. पण गुणवत्ता यादी जेईई मेनच्या क्रमांकावर लागते. अमेरिकन शाळा जेईईची तयारी करून घेत नाही, तिचं ते कामही नाही.

आणि अमेरिकेलाच जायचं असेल तर? मग अमेरिकन शाळा हवीच, असं मला आता वाटत नाही. तिथल्या विद्यापीठांना सीबीएसई आणि आपली बोर्डं चांगली ओळखीची आहेत, दरवर्षी हजारो मुलं तिथूनच जातात. दुबईच्या अमेरिकन डिप्लोमाने फीत सवलत मिळत नाही आणि व्हिसाही सोपा होत नाही. मिळते ती सवय: निबंध लिहिण्याची, शिक्षकाला उलट प्रश्न विचारण्याची, स्वतःचे विषय स्वतः निवडण्याची. त्यासाठी पैसे मोजायचे का, हे घरात ठरवा.

पैसे आणि कागद

फीचं थोडक्यात. दुबईत शाळेला मंजूर झालेली फी इयत्तेनुसार जाहीर असते, ती घासाघीस करून कमी होत नाही. बस, गणवेश, लॅपटॉप, सहली, एपी परीक्षेची फी हे वेगळं धरा. हाँगकाँगसारख्या ठिकाणी काही शाळा मोठ्या रकमेचं डिबेंचर, म्हणजे फीशिवाय शाळेकडे ठेवायची रक्कम, मागतात, तेव्हा आकडा बघून खुर्ची धरावी. कंपनीचा शिक्षण भत्ता दर मुलामागे किती, किती मुलांपर्यंत, आणि इयत्तेबरोबर वाढतो का? सहावीची फी आणि अकरावीची फी यांत मोठी दरी असते, भत्ता मात्र ऑफर लेटरमधल्या आकड्यावर गोठतो. नोकरी बदलली आणि नव्या पॅकेजात भत्ता नसला तर स्वतःच्या खिशातून किती वर्षं भरू शकाल, हे आजच कागदावर मांडा. आमच्या इमारतीत दोन कुटुंबांनी याच एका कारणाने मुलं दहावीच्या मध्यावर हलवली.

कागदांत शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात त्रासाचा. दुबईसाठी त्याचं साक्षांकन भारतातच करून घ्यावं लागतं, शिक्षण खात्यापासून परराष्ट्र मंत्रालय आणि यूएईच्या दूतावासापर्यंत, आणि त्याला आठवडे लागतात. सामान पॅक करण्याआधी हे काम हातात घ्या. दाखला इंग्रजीत मागा. आणि त्यावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघा, कारण आपल्याकडे दाखल्यावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव लिहायची पद्धत. माझ्या मुलीच्या दाखल्यावर तसंच होतं, प्रवेशाच्या फॉर्मवर मीही घाईत तसंच उतरवलं. पहिला आठवडाभर वर्गशिक्षिका तिला प्रेमाने ‘देशपांडे’ अशी हाक मारत होत्या, आणि ती मागे वळून बघत होती, बाबा आले की काय म्हणून.